लेबल शेवटी कोण वाचणार?

रक्तपेढीत वेगळा केलेला प्लाझ्मा उणे ३० अंश सेल्सिअसच्या खाली गोठवून ठेवला की वर्षभर टिकतो. एखाद्या रात्री त्याची गरज पडते. पिशवी फ्रीझरमधून निघते, ३७ अंशांच्या पाण्यात वितळते, वॉर्डात पोहोचते. रुग्णाच्या खाटेशी उभी असलेली सिस्टर तिच्यावरचा क्रमांक, रक्तगट आणि मुदत वाचते आणि हातातल्या कागदाशी ताडून पाहते. त्या क्षणी लेबल जागेवर असायला हवं आणि त्यावरचा एकेक आकडा स्पष्ट दिसायला हवा.

त्याच गावात कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात पाव किलो पेढे काट्यावर ठेवले की शेजारच्या छोट्या यंत्रातून वजन, भाव आणि तारीख छापलेलं लेबल बाहेर येतं. त्याला चार दिवस जगायचं असतं. पेढे संपले की त्याचंही काम संपलं.

दोन्ही लेबलं उष्णतेने छापलेली. दोन्हींवर पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि बारकोडच्या रेघा. लांबून पाहिलं तर फरक कळणार नाही. पण पेढ्यांचं लेबल प्लाझ्माच्या पिशवीला लावलं, तर जी माहिती पुसली जाईल तिच्यावर एका माणसाचा जीव अवलंबून आहे. थर्मल लेबलासाठी कोणतं मटेरियल निवडायचं, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका किरकोळ नाही. तरीही बाजारात तो बहुधा एकाच वाक्यात उरकला जातो: ‘१०० बाय १५०चा रोल केवढ्याला?’ माप आणि भाव विचारून होतात. लेबल कुठे लागणार, त्याच्यावर काय काय गुजरणार आणि ते शेवटी कोण वाचणार, हे विचारायचं राहून जातं.

यंत्र अंदाज बांधत नाही

मागचा कागद सोलून चिकटवायची लेबलं ही गेल्या शतकातली गोष्ट. १९३५ साली लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन्टन एव्हरी यांनी ती बनवायला सुरुवात केली. तेव्हा लेबल माणसाने वाचायचं होतं. एखादं अक्षर फिकट झालं, तरी मागचापुढचा संदर्भ लावून माणूस ते ओळखतो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड स्कॅनरने वाचला आणि वाचणारा बदलला. स्कॅनरला संदर्भ कळत नाही. रेघांच्या जाडीचं आणि मधल्या मोकळ्या जागेचं प्रमाण बिघडलं की तो वाचायचं नाकारतो.

शिवाय प्रत्येक डब्याचा क्रमांक वेगळा, प्रत्येक बॅचची तारीख वेगळी. छापखान्यातून एकसारखी लेबलं आणून भागेना. जागच्या जागी, एकेक वेगळं लेबल छापायची सोय हवी होती. ती थर्मल छपाईने दिली. प्रिंट हेडवर ओळीने बसवलेले सूक्ष्म तापक असतात. २०३ डीपीआयच्या हेडवर दर मिलिमीटरला ८, तर ३०० डीपीआयवर जवळपास १२. हवा तो ठिपका क्षणभर तापतो आणि लेबलावर खूण उमटते. ही खूण कशी उमटते यावरून वाटा दोन होतात आणि मटेरियलच्या निवडीचा पहिला फाटाही तिथेच फुटतो.

स्वतः काळा होणारा कागद

पहिली वाट डायरेक्ट थर्मलची. यात शाई नाही, रिबन नाही. कागदाच्या लेपातच रंगहीन अवस्थेतला रंग आणि त्याला काळा करणारं आम्लधर्मी रसायन शेजारी शेजारी बसवलेलं असतं. उष्णता मिळाली की दोन्ही वितळून एकत्र येतात आणि त्या जागी काळा ठिपका उमटतो. यंत्र सुटसुटीत, खर्च कमी, रिबन बदलण्याचा व्याप नाही. कुरियरचं लेबल, वजनकाट्याचं लेबल, सिनेमाचं तिकीट, दुकानाची पावती यांना हे उत्तम.

पण हा बदल परतही फिरतो. तेल, अल्कोहोल आणि मऊ प्लास्टिकमधले प्लास्टिसायझर त्या दोन रसायनांना पुन्हा वेगळं करतात आणि अक्षरं विरतात. हाताला लावलेलं सॅनिटायझर पावतीवर पडलं की नेमकं हेच होतं. फरसाणाच्या तेलकट पिशवीवर किंवा पदार्थ गुंडाळायच्या मऊ पीव्हीसी फिल्मवर हे लेबल फिकं पडतं ते याच कारणाने. पार्सल बांधताना लेबल सुरक्षित राहावं म्हणून वरून पारदर्शक टेप मारणारे बरेच जण असतात; त्या टेपचा गमच काही काळाने खालची छपाई पुसट करू शकतो. उन्हात तापलेल्या गाडीत पावती राहिली, तर उलटा प्रकार: सगळा कागदच करडा-काळा होतो.

यावर उपाय म्हणून वरून संरक्षक थर दिलेला ‘टॉप कोटेड’ कागद मिळतो. ओल, हात आणि थोडंफार तेल तो झेलतो. मांस, मासे, दुग्धजन्य पदार्थांच्या पॅकवर तो घ्यायलाच हवा. तरी पक्का नियम एकच: ज्याचं आयुष्य दिवसांत किंवा आठवड्यांत मोजायचं, त्यालाच डायरेक्ट थर्मल. वर्षांत मोजायचं असेल, तर दुसरी वाट.

रिबन आणि वरचा थर: जोडी जमली पाहिजे

दुसरी वाट थर्मल ट्रान्सफरची. या पद्धतीचा बारकोड प्रिंटर जपानच्या सॅटो कंपनीने १९८१ साली आणला. हेड आणि लेबल यांच्यामध्ये पातळ पॉलिएस्टरची रिबन सरकते. तिच्यावरचा काळा थर उष्णतेने वितळून लेबलावर उतरतो. आता छपाईचं आयुष्य दोन गोष्टींवर ठरतं: रिबनवर काय आहे आणि ते कशावर उतरतंय.

रिबनचे मुख्य प्रकार तीन. वॅक्स म्हणजे मेणाची रिबन कमी उष्णतेत वितळते, भरभर छापते आणि स्वस्त पडते. पण नखाने खरवडली की निघते, उन्हाने मऊ होते. रेझिनची रिबन जास्त उष्णता आणि कमी वेग मागते, बदल्यात घर्षण, तेल आणि अनेक रसायनं सहन करते. वॅक्स-रेझिन या दोहोंच्या मधली.

वरच्या थराला बाजारात फेस मटेरियल म्हणतात. त्यात सर्वांत जास्त खपतो तो क्रोमो पेपर: गुळगुळीत, स्वस्त, कोरड्या गोदामातल्या खोक्यांसाठी पुरेसा. पाणी आणि ओढाताण आली की कागदाची मर्यादा संपते आणि फिल्म लागते. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, पाण्याला दाद देत नाही, फाटत नाही. शाम्पू, सॉस, फ्रीजमधले पदार्थ यांच्यासाठी योग्य. दाबून वापरायच्या बाटलीला पॉलिएथिलीन बरं, कारण ते बाटलीबरोबर वाकतं. ताठ फिल्मला तिथे सुरकुत्या पडतात. पॉलिएस्टर, म्हणजे पीईटी, आकाराने स्थिर आणि उष्णतेला टणक. यंत्रावरच्या रेटिंग प्लेटला, कार्यालयीन मालमत्तेच्या क्रमांकाला, गाडीच्या बॉनेटखालच्या सुट्या भागाला तेच लागतं.

इथे जोडी चुकली की पैसे वाया जातात. पॉलिएस्टरवर वॅक्स रिबनने छापलं, तर महाग फिल्मवरची अक्षरं बोटाने पुसली जातात. साध्या खरखरीत कागदावर रेझिन वापरलं, तर ते कागदाच्या खळग्यांत उतरत नाही आणि रेघांमध्ये पांढरे ठिपके राहतात. ढोबळ मेळ असा: कागदाला वॅक्स, चकचकीत कागद आणि पीपीला वॅक्स-रेझिन, पॉलिएस्टरला रेझिन.

चुकीची जोडी लपवायला प्रिंटरची डार्कनेस वाढवायची, ही सवय अनेक कारखान्यांत दिसते. त्याने रेघा फुगतात, रिबनला सुरकुत्या पडतात आणि हेड लवकर झिजतं. हेड हा प्रिंटरचा सर्वांत महागड्या भागांपैकी एक. रिबन लेबलापेक्षा थोडी रुंद घ्यावी, म्हणजे लेबलाची कड हेडवर घासत नाही. दर नव्या रोलबरोबर हेड आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसावं. हे दोन साधे नियम पाळले तरी हेडचं आयुष्य वाढतं.

गम: न दिसणारा निम्मा भाग

छपाई डोळ्यांना दिसते, म्हणून चर्चा तिचीच होते. पण लेबल निकामी होण्याचं कारण पुष्कळदा मागच्या बाजूला असतं. गमचे दोन मोठे वर्ग आहेत. रबरावर आधारित हॉटमेल्ट गम चटकन पकडतो, खरखरीत पुठ्ठ्यावर चांगला बसतो. पण उन्हात आणि उष्णतेत मऊ होतो, काळाने पिवळा पडतो. ॲक्रिलिक गम हळूहळू घट्ट होतो, पूर्ण पकड यायला २४ तास किंवा जास्तही लागतात. मात्र एकदा बसला की ऊन आणि उष्णता दोन्ही सोसतो. सोलून काढता येईल असा रिमूव्हेबल गम तिसरा; भांड्यांवर, काचेच्या वस्तूंवर डाग न ठेवणारा.

पृष्ठभागाचंही ऐकावं लागतं. काच आणि स्टील लेबलाला सहज धरतात. पॉलिप्रॉपिलीनचे क्रेट, एचडीपीईचे कॅन हे कमी पृष्ठऊर्जेचे पदार्थ. त्यांच्यावर गम नीट पसरतच नाही. त्यासाठी जास्त पकडीचा गम मागून घ्यावा लागतो.

सर्वांत जास्त गोंधळ तापमानाच्या दोन आकड्यांचा होतो. माहितीपत्रकावर एक तापमान लेबल चिकटवतानाचं असतं आणि दुसरं चिकटल्यानंतर ते कुठवर टिकेल याचं. उणे २० अंशांपर्यंत टिकणारं लेबल उणे २० अंशांच्या खोक्यावर चिकटेलच, असं नाही. साधा गम खोलीच्या तापमानाला लावला आणि एक दिवस बसू दिला, तर पुढे गोठवणीतही बहुधा टिकतो. आधीच गोठलेल्या किंवा दव धरलेल्या वस्तूवर मात्र तो सुटणारच. तिथे डीप फ्रीझ गम लागतो. आणि पृष्ठभागावर पाण्याचा थर असेल, तर तोही आधी पुसून काढावा लागतो.

जिथे लेबलाची परीक्षा होते

नाशिकची द्राक्षं युरोपला जातात, तेव्हा पुण्या-मुंबईच्या दुकानात पुरणारी लेबलं तिथे पुरत नाहीत. शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या अपेडा या सरकारी संस्थेने २००६ साली ग्रेपनेट ही नोंदणी-व्यवस्था सुरू केली, तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षाचा माग बागेपर्यंत लावता येतो. हा माग खोक्यावरच्या लेबलाच्या भरवशावर असतो. पॅकहाउसमध्ये भरलेली खोकी प्रीकूलिंगला जातात, मग शून्य अंशाच्या आसपास आणि ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत कंटेनरमध्ये आठवडे काढतात. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३च्या अखेरीपासून जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा हा मुक्काम आणखी लांबला. दमट झालेला पुठ्ठा, त्यावरचा कागद, मग बाहेर काढल्यावर धरणारं दव, अशी ही परीक्षा. प्रीकूलिंगच्या आधी, पुठ्ठा कोरडा असताना लेबल लावायचं, हॉटमेल्ट गम घ्यायचा, ओल सोसणारा वरचा थर निवडायचा: इतकी काळजी घेतली तरी बराचसा धोका टळतो. युरोपच्या बंदरात एखादं लेबल वाचता आलं नाही, तर वर्षभर बागेत राबलेल्या शेतकऱ्याचं नाव त्या खोक्यापासून तुटतं.

पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा हे दुसरं कठीण ठिकाण. रक्ताची नळी १३ मिलिमीटर व्यासाची. ताठ फिल्म तिच्यावर गुंडाळली, तर कडा उचलल्या जातात आणि नळी यंत्रात अडकते. म्हणून पातळ, वाकणारं मटेरियल आणि जोरकस गम घ्यायचा, आणि बारकोड नळीच्या लांबीने छापायचा. आडवा छापला, तर गोलाईमुळे कडेच्या रेघा स्कॅनरला दिसत नाहीत. ऊतींच्या काचपट्ट्यांना झायलीन आणि अल्कोहोलच्या आंघोळी असतात. तिथे त्या द्रावकांसाठीच तयार केलेली रेझिन रिबन हवी. निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ, तर पेशी जतन करण्यासाठी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. दोन्हींसाठी वेगळी लेबलं बनतात. नायट्रोजनमध्ये ठेवायच्या कुपीला लेबल पूर्ण वेढा घालून स्वतःवरच चिकटवतात, म्हणजे पकड सुटली तरी ते गळून पडत नाही.

रक्तपिशवीची अडचण आणखी सूक्ष्म आहे. ती मऊ पीव्हीसीची असते. गममधले घटक त्या भिंतीतून आत रक्तात झिरपू शकतात. म्हणून तिथलं लेबल केवळ थंडीत टिकतं एवढ्याने चालत नाही. त्याचा गम रक्तपिशवीसाठी तपासलेला असावा लागतो. आपल्याकडे रक्तगटानुसार लेबलाचा रंगही नियमाने ठरलेला आहे: ओ निळा, ए पिवळा, बी गुलाबी, एबी पांढरा. इतक्या विचाराने बनवलेल्या व्यवस्थेत ऐनवेळी साधा रोल घुसवणं हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

रसायनांच्या पिंपांचं मोजमाप समुद्र ठरवतो. धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पिंपावरच्या खुणा समुद्राच्या पाण्यात किमान तीन महिने राहूनही ओळखू यायला हव्यात. पिंप जहाजावरून पडलं आणि किनाऱ्याला लागलं, तर ते उचलणाऱ्या कोळ्याला आत काय आहे हे कळलं पाहिजे, हा त्यामागचा माणुसकीचा हेतू. बीएस ५६०९ हे मानक त्यासाठीच आहे. ते कोऱ्या लेबलाची आणि छापलेल्या लेबलाची वेगवेगळी परीक्षा घेतं. म्हणजे रोल प्रमाणित असला, तरी रिबन बदलली की ते प्रमाणपत्र छापलेल्या लेबलाला लागू होत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किट बोर्डावर लेबल सोल्डरिंगच्या भट्टीतून जातं. शिशाविना सोल्डरला कमाल तापमान २४० ते २६० अंशांपर्यंत पोहोचतं. तिथे पॉलिएस्टरही हात टेकतं. पिवळसर पॉलिइमाइडची फिल्म लागते. कपड्याच्या आतल्या धुलाई-सूचनेचं मात्र वेगळं: तिथे गमच नसतो. नायलॉन टाफेटा किंवा सॅटिनच्या फितीवर रेझिनने छापून ती शिवून टाकतात, म्हणजे धुण्यात अक्षरं जात नाहीत.

हाताला लागणारी रसायनं, मागे उरणारा कचरा

डायरेक्ट थर्मल कागदात काळा रंग आणणारं रसायन म्हणून दीर्घकाळ बिस्फेनॉल ए वापरलं गेलं. ते कागदाशी बांधलेलं नसतं, त्यामुळे हाताला लागतं. दिवसभर पावत्या फाडणाऱ्या कॅशियरच्या आरोग्याचा हा प्रश्न आहे. युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात त्याचं प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांच्या खाली आणलं. अनेक कारखाने मग त्याचाच भाऊबंद असलेल्या बिस्फेनॉल एसकडे वळले. स्वित्झर्लंडने दोन्हींवर बंदी घातली. म्हणून रोलवर नुसतं ‘बीपीए-मुक्त’ लिहिलेलं पाहून समाधान मानू नये. फिनॉल-मुक्त कागद बाजारात आहे; तो विचारून घ्यावा.

दुसरा प्रश्न मागच्या कागदाचा. लेबल सोललं की सिलिकॉन लावलेला ग्लासिन कागद उरतो आणि त्याचा पुनर्वापर अवघड आहे. मागचा कागदच नसलेली लायनरलेस लेबलं हा त्यावरचा एक पर्याय. कुरियर आणि वजनकाट्यांसाठी तो वाढायला हवा. लेबल आणि डबा एकाच प्लास्टिकचे असतील, तर पुनर्वापर सोपा होतो: पीपीच्या डब्याला पीपीचं लेबल. पीईटीच्या बाटलीला पीव्हीसीचं लेबल लावलं, तर ते पुनर्वापराची सगळी बॅच बिघडवतं. निवडीच्या वेळी हा विचार केला, तर त्याला वेगळा खर्चही फारसा येत नाही.

निवडायचं कसं?

उलट्या दिशेने. आधी शेवटचा वाचक ठरवा: स्कॅनर की माणूस, किती दिवसांनी, कुठे. मग लेबलाचा सर्वांत वाईट दिवस शोधा: तेल, दव, ऊन, वाफ, घर्षण, द्रावक. मग पृष्ठभाग: पुठ्ठा, काच, कमी पृष्ठऊर्जेचं प्लास्टिक, गोल नळी. त्यानंतर लेबल कोणत्या तापमानाला चिकटवणार. एवढं कळलं की वरचा थर आणि गम ठरतो, त्यावरून रिबन, आणि सर्वांत शेवटी भाव.

नमुने मागवून प्रत्यक्ष जागी लावून पाहावेत, हे कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचं. छापल्यावर नखाने खरवडा. टेप लावून ओढा. अल्कोहोलचा बोळा फिरवा. एक दिवस थांबून कड उचलून पाहा. ज्या फ्रीझरमध्ये माल जाणार, त्यातच आठवडाभर ठेवून बाहेर काढा आणि दव धरलेलं असताना स्कॅन करा. बारकोड व्हेरिफायर असेल, तर आयएसओ १५४१६ प्रमाणे दर्जा मोजून घ्या. नुसत्या ‘वाचला गेला’वर थांबू नका. आपल्या हातातला चांगला स्कॅनर वाचतो ते समोरच्याचा जुना स्कॅनर वाचेलच, असं नाही.

रोल साठवतानाही काळजी हवी. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात गम कडेने पाझरतो. कोकणातल्या पावसाळ्यात कागद ओल धरून वळतो. रोल पिशवीत बंद, थंड कोरड्या जागी ठेवावेत आणि आधी आलेले आधी वापरावेत.

लेबलाचा रोल घेताना टेबलाच्या एका बाजूला विकणारा असतो, दुसऱ्या बाजूला खरेदी खात्यातला माणूस. ज्याला ते लेबल शेवटी वाचायचं आहे, तो त्या खोलीत नसतो. तो युरोपच्या बंदरात असतो, किनाऱ्यावर असतो, रात्रीच्या वॉर्डात असतो. त्याच्या वतीने प्रश्न विचारणं हे त्या टेबलाशी बसलेल्यांचं काम आहे आणि मटेरियलची योग्य निवड तिथूनच सुरू होते.